खिशातला कॅमेरा आणि मुंबईचे वर्ष : रिको जीआर थ्री

मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मी एका सहकाऱ्याकडून रिको जीआर थ्री हा कॅमेरा वापरलेला म्हणून विकत घेतला आणि तेव्हापासून पुढचा मे संपेपर्यंत तो रोज, म्हणजे खरोखरच रोज, डोंबिवलीहून फोर्टपर्यंत आणि तिथून परत माझ्या खिशात राहिला. हा कॅमेरा मार्च २०१९ मध्ये बाजारात आला. इतक्या उशिरा त्याचे परीक्षण लिहिण्याचे कारण असे की, त्याच्याविषयी मी जे काही वाचले होते ते बहुतेक कोरड्या आणि थंड हवेच्या शहरांत वापरून लिहिलेले होते. ज्या शहरात वर्षातले चार महिने पाऊस पडतो आणि उरलेल्या आठ महिन्यांतही शर्ट अंगाला चिकटतो, त्या शहरात हा कॅमेरा बाळगणाऱ्याला काय काय सांभाळावे लागते, याचा त्यात मागमूस नव्हता. माझा विषयही साधाच होता. सणांच्या मिरवणुका किंवा समुद्रावरचा सूर्यास्त टिपण्यापेक्षा, रोजच्या रस्त्यावरची तीच माणसे, तेच जिने आणि त्याच टपऱ्या ऋतू बदलतात तशा कशा बदलतात, हे मला पाहायचे होते.

कॅमेरा हातात घेतल्यावर प्रथम जाणवते ते त्याचे वजन, किंवा वजन नसणे. बॅटरी आणि कार्ड धरून तो २५७ ग्रॅम भरतो, आणि त्याची जाडी जेमतेम ३३ मिलिमीटर असल्यामुळे तो शर्टाच्या खिशात मावतो. थोडा फुगवटा दिसतो, पण लोकलच्या गर्दीत तो कोणाच्या लक्षात येत नाही. या एवढ्याशा पेटीत मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तसा, एपीएस-सी आकाराचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, बसवलेला आहे, आणि पुढे एकच लेन्स आहे : जुन्या फिल्मच्या हिशेबात २८ मिलिमीटर, ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे भोक, २.८ (आकडा जितका लहान, भोक तितके मोठे). झूम नाही, डोळ्याला लावून पाहायची खिडकी नाही, पडदा वळत नाही, आणि आधीच्या जीआर टूमध्ये असलेला छोटा फ्लॅशही या आवृत्तीत काढून टाकलेला आहे. ही वंशावळ १९९६ च्या जीआर वन या फिल्म कॅमेऱ्यापासून चालत आलेली आहे आणि २८ मिलिमीटरची लेन्स तेव्हापासूनची आहे. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी टोकियोच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे जीआरच वापरला, हे ऐकूनच माझ्यासारखे अनेक जण याच्या नादी लागतात. पण टोकियोची गल्ली आणि दादरचा पूल यांत फरक आहे. दादरच्या पुलावर माणूस तुमच्यापासून दोन हातांवर असतो, आणि तिथे २८ मिलिमीटरसारखी रुंद लेन्स ही चैन राहत नाही, गरजच होते.

या कॅमेऱ्याची खरी करामत म्हणजे स्नॅप फोकस. आपण आधीच एक अंतर ठरवून ठेवायचे, एक मीटर, दीड मीटर, दोन, अडीच किंवा पाच, आणि शटरचे बटण अर्ध्यावर न थांबता एकदम तळापर्यंत दाबायचे. कॅमेरा मग फोकस शोधत बसत नाही. ठरवलेल्या अंतरावर लेन्स ठेवून त्याच क्षणी फोटो घेतो. ॲपर्चर आठवर आणि अंतर दोन मीटरवर ठेवले तर साधारण एक मीटरपासून पुढे रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथपर्यंत जवळजवळ सगळेच स्वच्छ येते. बटण दाबून कॅमेरा सुरू व्हायला एक सेकंदही लागत नाही, आणि शटर लेन्समध्येच असल्यामुळे त्याचा आवाज जवळजवळ होतच नाही. गाडी स्थानकात शिरताना दारातल्या माणसांच्या चेहऱ्यावर उतरण्याची जी तयारी दिसते, ती दोन-तीन सेकंदच टिकते. माझ्या आधीच्या मोठ्या कॅमेऱ्याने ती एकदाही सापडली नव्हती.

छत्री दुरुस्त करणारे एक काका आमच्या स्थानकाबाहेरच्या जिन्याखाली मेच्या मध्यापासून बसू लागतात. समोर पसरलेल्या गोणपाटावर जुन्या छत्र्यांच्या तारा, दांडे, मुठी, काळ्या दोऱ्याचे रीळ आणि पक्कड एवढाच संसार. पहिल्या दिवशी मी अंतर एक मीटरवर ठेवून त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारले. ते म्हणाले, "काढा ना साहेब, पण सावली पाडू नका, मला सुईचं भोक दिसत नाही." मी बाजूला सरकलो. त्यांनी छत्री उलटी धरून मांडीत दाबली, कापडाचे टोक तारेच्या बोंडावर ओढून आणले, दोन टाके घातले आणि दोरा दाताने तोडला. पाऊस कधी येणार, असे मी सहज विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "पाऊस दहा-अकरा तारखेला येतो, आणि गिऱ्हाईक नऊ तारखेला येतं." हवामान खाते मुंबईतल्या मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरते, त्यामुळे काकांचा हिशेब सरकारी हिशेबाशी बरोबर जुळत होता. त्या वर्षी पाऊस ९ जूनला आला.

इथून पुढे परीक्षणाचा अवघड भाग सुरू होतो, कारण मुंबईचे रोजचे जगणे जितके पावसात दिसते तितके इतर कोणत्याही ऋतूत दिसत नाही, आणि हा कॅमेरा पावसासाठी बनवलेलाच नाही. त्याला पाण्यापासून किंवा धुळीपासून संरक्षण देणारे सील नाही आणि कंपनीने तसा दावाही कधी केलेला नाही. लेन्स सुरू होताना बाहेर येते आणि बंद होताना आत जाते, म्हणजे बाहेर असताना तिच्या नळीवर पडलेला थेंब ती आत घेऊन जाणार हे उघड आहे. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी काही नियम स्वतःला घालून घेतले : छताखाली उभे राहूनच फोटो काढायचा, कॅमेरा बंद करण्याआधी लेन्सची नळी रुमालाने टिपायची, पॅन्टच्या खिशात ठेवताना आधी झिपच्या पिशवीत घालायचा. या नियमांनी कॅमेरा वाचला, पण माझी उभी राहण्याची जागा त्यांनीच ठरवली. पावसाळ्यातले माझे जवळजवळ सगळे फोटो कशाच्या तरी खालून काढलेले आहेत : फलाटाच्या पत्र्याखालून, दुकानाच्या फळीखालून, निळ्या ताडपत्रीखालून. सुरुवातीला मला याचा राग येत असे. ऑगस्टपर्यंत लक्षात आले की मुंबईकरही पावसाळा असाच, कशाच्या तरी खालून पाहतो.

पाण्यापेक्षा मोठा शत्रू मात्र ओल आहे, आणि ती छताखालीही असते. आमच्या कार्यालयात वातानुकूलन इतके असते की जुलैत लोक स्वेटर घालून बसतात. तिथे दिवसभर गार झालेला कॅमेरा घेऊन मी संध्याकाळी बाहेर पडलो की बाहेरच्या दमट हवेतली वाफ गार काचेवर बसते आणि लेन्स चष्म्यासारखी पांढरी होते. हा दोष कोणत्याच कॅमेऱ्याचा म्हणता येत नाही. माठाला बाहेरून पाणी का सुटते, तेच त्याचे कारण आहे. पण पहिल्या महिन्यात मी ती काच रुमालाने पुसत राहिलो, ती पुन्हा धुरकट होत राहिली, आणि पुलावरून दिसणारी छत्र्यांची रांग तेवढ्यात विरून जात असे. उपाय सोपा निघाला. निघण्याआधी वीस मिनिटे कॅमेरा पिशवीत बंद करून जिन्यातल्या खिडकीत ठेवायचा, म्हणजे तो हळूहळू बाहेरच्या हवेइतका गरम होतो. शिपाईमामा आजही विचारतात, "साहेब, डबा विसरलात का?"

घरी तो हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, निळ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत राहतो. दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घेतो. त्यासाठी एक जुना तवा वेगळा ठेवला आहे आणि घरच्यांची त्याला सक्त ताकीद आहे. ही काळजी मी शिकलो ती माझ्या आधीच्या एका लेन्सला बुरशी लागल्यामुळे. एका पावसाळ्यात ती कपाटात, कपड्यांच्या घड्यांत ठेवली होती, आणि दिवाळीत काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या. दुरुस्ती करणाऱ्याने ती साफ करून दिली, पण काचेवरचा मुलामा खाल्ला गेला होता. चूक सर्वस्वी माझी होती.

अगदी मुसळधार पावसात मी सरळ फोन काढतो, हे इथे कबूल करायला हवे. ८ जुलै २०२४ च्या पहाटे सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, गाड्या बंद पडल्या, आणि रुळांवरून रांगेने चालणाऱ्या माणसांत मीही होतो; त्या दिवशी जीआर पिशवीतून बाहेर आला नाही. ज्याला मुख्यतः भर पावसातले फोटो हवे आहेत त्याने हा कॅमेरा घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

पावसाळ्यातच, पण घरात, म्हणजे मंडपात, या कॅमेऱ्याने मला सर्वांत जास्त आनंद दिला. लालबाग-परळच्या गणपतीच्या कार्यशाळांत जुलैच्या अखेरीपासून रात्रंदिवस काम चालते. बाहेर पाऊस, आत ताडपत्रीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज, ओल्या रंगाचा वास आणि वर लोंबणाऱ्या दोन ट्यूबलाइट. अशा जागी मोठा कॅमेरा काढला की काम थांबते आणि माणसे ताठ उभी राहतात. या काळ्या चपट्या पेटीकडे कोणी फारसे पाहत नाही. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० वर नेली की रंगांत थोडे दाणे येतात, पण ते मातीच्या मूर्तीला शोभतात. आणि हात हलला तर सेन्सरच सावरून घेण्याची सोय या आवृत्तीत आल्यामुळे शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडे राहिले तरी मूर्ती स्वच्छ येते, कारागिराचा हात मात्र धूसर होतो, आणि मला तेच हवे होते. एका कारागिराला मी विचारले, "दादा, फोटो काढू का?" त्यांनी मान न वळवता सांगितले, "काढा, पण डोळे झाल्यावर." मी पाऊण तास थांबलो. आखणीचा कुंचला केसाएवढा बारीक असतो, आणि तो टेकवण्याआधी त्यांनी प्रत्येक वेळी श्वास रोखला. त्या पाऊण तासात मी फक्त त्यांच्या पायांचे, रंगांच्या वाट्यांचे आणि करंगळीला लागलेल्या सोनेरी रंगाचे फोटो काढले, तेही विचारूनच; जवळून काढण्याची सोय सहा ते बारा सेंटिमीटरपर्यंत चालते, ती इथे उपयोगी पडली.

अनंत चतुर्दशीला, १७ सप्टेंबरला, माझी फजिती झाली. या कॅमेऱ्याची बॅटरी एका वेळी सुमारे २०० फोटोंपुरती चालते असे कंपनीच सांगते, आणि मी दुसरी बॅटरी घरी चार्जरलाच विसरून आलो होतो. लालबागहून निघालेली मिरवणूक गिरगाव चौपाटीला पोहोचायला दुसरा दिवस उजाडतो. माझा कॅमेरा संध्याकाळी सातलाच झोपला. त्यानंतर पिशवीत पॉवर बँक कायमची आली, कारण साध्या सी-टाइप वायरने कॅमेरा चार्ज होतो.

ऑक्टोबरची उष्णता आणि दिवाळी यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाऊस गेल्यावर आठ-पंधरा दिवस हवा धुतल्यासारखी असते आणि सावल्या धारदार पडतात, तेव्हा कोणताही कॅमेरा चांगलाच वाटतो. माहीमच्या कंदील गल्लीत मात्र एक गोष्ट शिकलो : उजेडाचे मोजमाप कॅमेऱ्यावर सोडले तर कागद पांढराफटक येतो आणि चेहरे दिसतात, उजळ भागाला सांभाळणारे मोजमाप निवडले तर कागदाचा रंग टिकतो आणि चेहरे अंधारात जातात. मी कागद निवडला.

हिवाळ्यात मुंबईची हवा फोटोग्राफरला वेगळ्या कारणाने आवडते आणि छातीला वेगळ्या कारणाने त्रास देते. धूळ आणि धूर जमिनीलगत अडकून राहतात, सकाळचा सूर्य दुधात बुडवल्यासारखा दिसतो, आणि लांबच्या इमारती एकामागे एक फिकट होत जातात. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांपलीकडे चढत नाही, त्यामुळे दिवसभर तिरपा उजेड मिळतो आणि फुटपाथवर माणसाची सावली भर दुपारीही जवळजवळ त्याच्याएवढी असते. शिवडीला रोहित पाहायला गेलो तेव्हा २८ मिलिमीटरची मर्यादा पुरती उघडी पडली : हजारो पक्षी म्हणजे चिखलावर गुलाबी राईचे दाणे, आणि मागे अटल सेतूची रेघ. कॅमेऱ्यातच ३५ किंवा ५० मिलिमीटरइतके कापून घेण्याची सोय आहे, पण ५० वर २४ मेगापिक्सेलचे सातच उरतात, आणि पक्षी तरीही राईएवढेच राहतात. मी पाठ फिरवली आणि पक्षी पाहणाऱ्यांचे फोटो काढले. आजोबांच्या खांद्यावर बसून दुर्बीण उलटी धरणारी एक मुलगी हा त्या हिवाळ्यातला माझा सर्वांत आवडता फोटो आहे.

रोजचेच फोटो कशाला काढायचे, असे मला अनेकांनी विचारले. माझ्याकडे त्याचे एकच उत्तर आहे. बेस्टच्या जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या आणि पुढच्याच महिन्यात पद्मिनी टॅक्सीही गेली. मी या दोन्हींतून आयुष्यभर फिरलो, आणि माझ्या संग्रहात दुमजली बसचे तीन फोटो निघाले. तिन्हींत ती मागे, फोकसबाहेर आहे. पुढे वाढदिवसाचा केक आहे.

उन्हाळा ही या कॅमेऱ्यापेक्षा डोळ्यांची परीक्षा आहे. खिडकी नसल्यामुळे सगळे पडद्यावर पाहायचे, आणि मेच्या दुपारी पडद्यावर स्वतःच्याच चेहऱ्याचे प्रतिबिंब अधिक ठळक दिसते. वरच्या पट्टीत बसणारी काचेची खिडकी वेगळी विकत मिळते. मी ती घेतली नाही, अंदाजाने काढायला शिकलो, आणि २८ मिलिमीटरला अंदाज पुरतो. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैचा शून्य सावलीचा दिवस बहुधा ढगांतच जातो, मेचा दिसतो. त्या दिवशी साडेबारा वाजून गेल्यावर पाच-एक मिनिटांनी मी फोर्टातल्या एका चौकात उभा होतो. लोखंडी खांबांच्या सावल्या खांबांतच शिरल्या होत्या, उसाच्या रसाच्या गाड्याची सावली बरोबर गाड्याखाली होती, आणि रसवाला गाड्याला चिकटून, त्या सावलीच्या कडेवर उभा होता. लेन्सच्या आत प्रकाश चौपट कमी करणारे गाळण आहे, ते लावले नसते तर मोठे ॲपर्चर ठेवणे त्या उन्हात अशक्य होते.

वापरलेला जीआर घेणाऱ्यांसाठी थोडेसे. ॲपर्चर १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढावा आणि मोठा करून पाहावा; सेन्सरवर धूळ असेल तर राखाडी ठिपके दिसतात. सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय आत आहे, पण चिकटलेली धूळ तिला ऐकत नाही. लेन्स बाहेर येताना अडखळत नाही ना, हे चार-पाच वेळा सुरू-बंद करून तपासावे. ज्यांना माणसांच्या इतक्या जवळ जायला संकोच वाटतो त्यांनी २०२१ चा जीआर थ्री एक्स पाहावा. बाकी सर्व तसेच, लेन्स मात्र ४० मिलिमीटरची. मला ती फोर्टातल्या फुटपाथसाठी चालेल, लोकलच्या डब्यासाठी नाही.

२०२५ मध्ये पाऊस मुंबईत २६ मे रोजीच आला, ठरलेल्या तारखेच्या सोळा दिवस आधी. छत्रीवाले काका जिन्याखाली आले होते, पण त्यांच्यासमोर न उघडलेल्या छत्र्यांचा ढीग होता आणि भोवती भिजलेली माणसे घाई करत उभी होती. "यंदा पाऊस गिऱ्हाइकाच्या आधी आला," ते म्हणाले. मी गेल्या वर्षीच्या फोटोची बारा बाय अठरा इंची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून आणली होती. त्यांनी ती हातात घेतली, स्वतःच्या चेहऱ्याकडे क्षणभरही न पाहता मांडीतल्या छत्रीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "हा टाका बघा, तिरका बसलाय. घाईत घातला असणार."

घरी जाऊन मी मूळ फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहिला. काळ्या कापडावरचा काळा दोरा, आठ तारांपैकी डावीकडून तिसरी. टाका तिरका होता.